स्वस्त गाडी आणि खारी हवा: राजापूर तालुक्यातील एका डॅटसन गोचे प्रकरण

राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीजवळ एका वाडीत राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांकडे २०१५ सालची डॅटसन गो होती. गाडी मूळची त्यांच्या मुलाची. डोंबिवलीत नोकरीला असताना त्याने ती नवी घेतली, पाच वर्षे वापरली आणि २०२० च्या टाळेबंदीत कुटुंबासह गावी आल्यावर परत जाताना वडिलांकडेच ठेवली. २०२५ चा गणपती आटोपला तेव्हा गाडीचा क्लच घसरू लागला होता, पावसात पायाखालचे मॅटिंग ओले राहत होते, मिस्त्रींनी खर्चाचा आकडा कागदावर लिहून दिला होता आणि ज्या नावाने गाडी घेतली ते नाव बाजारातून जाऊन तीन वर्षे उलटली होती. अशा गाडीवर आणखी पैसे घालावेत, ती काढून टाकावी, की जीएसटी कमी झाल्याने स्वस्त झालेली नवी लहान गाडी घ्यावी, हा या घरापुढचा प्रश्न होता.

मोटार-दुरुस्ती शिकवणे हा माझा व्यवसाय आणि या घराशी संबंध जुना, म्हणून गाडी पाहायला मला बोलावले गेले. मुख्याध्यापकांना गावात सगळे गुरुजी म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव ठेवतो. गुरुजींचे म्हणणे असे की इंजिन ठणठणीत आहे, गाडी कोणताही चढ घेते, मग ती काढायची कशाला? मुलाचे म्हणणे असे की ज्या गाडीत एअरबॅग नाही आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणाही नाही, तिच्यातून सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांनी दूरचा प्रवास करू नये. गुरुजींच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, मधुमेहाच्या तपासणीसाठी दर महिन्याला रत्नागिरीला जावे लागते, म्हणजे गाडीत सर्वांत जास्त बसणाऱ्या त्याच. पण त्यांचे मत विचारायचे राहूनच गेले होते. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “गाडी कुठलीही ठेवा. रात्री-अपरात्री निघायची वेळ आली तर ती निघाली पाहिजे, एवढं बघा.” माझ्या मते तिघांमध्ये नेमकी मागणी हीच होती.

गाडी कोणासाठी घडवली गेली

डॅटसन हे नाव निसानने १९८० च्या दशकात मोडीत काढले होते. २०१२ मध्ये तेव्हाचे प्रमुख कार्लोस घोन यांनी ते परत आणण्याची घोषणा केली आणि भारत, इंडोनेशिया, रशिया व दक्षिण आफ्रिका या देशांतला पहिल्यांदाच गाडी घेणारा ग्राहक डोळ्यांसमोर ठेवला. जुलै २०१३ मध्ये भारतात गो दाखवली गेली आणि मार्च २०१४ मध्ये ती विक्रीला आली. चेन्नईजवळ ओरगडम येथे रेनो आणि निसान यांच्या सामाईक कारखान्यात ती तयार होत असे. सुरुवातीची एक्स-शोरूम, म्हणजे वाहन कर आणि विमा वगळून असलेली, किंमत दिल्लीत ३.१२ लाख रुपयांपासून ३.७० लाखांपर्यंत होती. गुरुजींच्या मुलाने घेतली ती वरच्या प्रकारातली, म्हणजे एसी आणि पॉवर स्टीअरिंग असलेली.

ही किंमत गाठण्यासाठी काय काय कमी केले होते, ते गाडीत बसल्या बसल्या दिसते. पुढच्या दोन बैठका मधल्या गादीने जोडलेल्या आहेत, गिअरचा दांडा डॅशबोर्डातून बाहेर येतो आणि हँडब्रेक डॅशबोर्डाखालून ओढून लावायचा असतो. सुरुवातीला म्युझिक सिस्टिमऐवजी मोबाइल अडकवण्याची खोबण दिलेली होती. पुढच्या काचेला वायपर एकच आहे. चाके तेरा इंची आणि टायर १५५/७० मापाचे, म्हणजे अरुंद. गाडीचे वजन सुमारे ७७० किलो. इंजिन मात्र निसानच्याच मायक्रा या गाडीकडून आलेले, तीन सिलिंडरचे, ११९८ सीसीचे. ६८ पीएस शक्ती आणि १०४ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, देणारे. त्या काळच्या आठशे सीसीच्या गाड्यांच्या तुलनेत हे इंजिन चांगलेच दमदार होते, आणि गुरुजींचा जीव या गाडीत अडकला तो या इंजिनामुळे.

या काटकसरीत दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. म्युझिक सिस्टिम नसल्याने कोणाचे काही बिघडत नाही. गिअर डॅशबोर्डात असल्याची सवय चार दिवसांत होते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला मधली जागा मोकळी मिळते हा वर फायदाच. पण नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी आदळवून घेतलेल्या चाचणीत गोला मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले, तेव्हा काटकसरीचा दुसरा प्रकार उघडा पडला. केवळ एअरबॅग नव्हती एवढाच तो प्रश्न नव्हता. प्रवासी बसतात तो पत्र्याचा सांगाडाच आघातात टिकत नाही, त्यामुळे नुसती एअरबॅग बसवून भागणार नाही, असे संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी घोन यांना कळवले आणि गाडी बाजारातून मागे घेण्याची मागणी केली. गाडी भारतातील तत्कालीन नियम पाळते, असे कंपनीचे उत्तर होते आणि ते खरेही होते, कारण समोरासमोरच्या टकरीची चाचणी आपल्याकडे नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि सर्व गाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. २०१४ च्याच जानेवारीत चाचणी झालेल्या अल्टो ८००, आय-टेन, फिगो, नॅनो आणि पोलो यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांनाही शून्यच तारे मिळाले होते, त्यामुळे हा दोष एकट्या गोचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पुढची कथा थोडक्यात सांगता येते. सप्टेंबर २०१५ मध्ये रेनोची क्विड २.५६ लाखांना आली, २०१६ मध्ये डॅटसनचीच रेडी-गो त्याहून कमी किमतीत आली आणि गोची जागा आक्रसत गेली. ऑक्टोबर २०१८ च्या नव्या आवृत्तीत गोला एबीएस आणि दोन एअरबॅग मिळाल्या, पण तोवर ग्राहक पांगला होता. इंडोनेशिया आणि रशियात हे नाव २०२० मध्ये बंद झाले, तर भारतात एप्रिल २०२२ मध्ये. सेवा आणि सुटे भाग मिळत राहतील असे निसानने तेव्हाच सांगितले.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. चार देशांना मिळून एक गाडी घडवायची म्हटले, तर रस्ता, हवामान, वापर आणि मालकाची ऐपत या सगळ्यांची कुठेतरी सरासरी धरावी लागते. कोकण त्या सरासरीत बसत नाही. पाऊस, चढ, खारी हवा आणि कार्यशाळेचे अंतर या चारही बाबतींत किनारपट्टीचा माणूस टोकाला असतो, आणि नेमक्या याच चार ठिकाणी स्वस्त गाडीत हात राखून खर्च केलेला असतो. डोंबिवलीत पाच वर्षे जी गाडी निमूट चालली, तिची परीक्षा खाडीकाठी आल्यावर सुरू झाली.

वाडीतला वापर

गाडी फार चालत नव्हती. आठवड्यातून एक-दोनदा राजापूरचा बाजार आणि बँक, महिन्यातून एकदा आडिवरे, पूर्णगड, पावस या सागरी मार्गाने रत्नागिरी, लग्नसराईत आसपासची गावे, आणि एप्रिल-मे मध्ये घरच्या हापूसच्या पेट्या बागेतून टेम्पो उभा राहतो त्या रस्त्यापर्यंत. मागची बैठक दुमडली की पेट्यांना पुरेशी जागा होते. आंब्याचे दिवस संपले की गाडीच्या कापडी छताला तो वास पावसाळाभर राहतो, ही काकूंची तक्रार आहे. बाकी या वापरात गाडीचे काही चुकत नाही.

चुकते ते घर ते रस्ता या शे-दीडशे फुटांत. घर खाली आहे, डांबरी रस्ता वर आहे, आणि दोन्हींमधली वाट जांभा तोडून काढलेली आहे. गाडी रोज मागे घेत वर काढावी लागते, कारण खाली वळवायला जागा नाही. चढावर थांबलेली गाडी पुन्हा सुरू करताना गुरुजी अर्धा क्लच धरून ठेवतात. डॅशबोर्डाखालचा हँडब्रेक ओढून धरणे त्यांच्या खांद्याला झेपत नाही. क्लच प्लेट घासली जाण्याचे कारण हेच. गाडीने किती किलोमीटर कापले यावरून क्लचचे आयुष्य मोजायची पद्धत अशा ठिकाणी उपयोगाची नाही, कारण येथे क्लच अंतराने झिजत नाही, चढावर थांबल्याने झिजतो.

पावसाचा हिशेब वेगळा. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अर्जुना आणि कोदवली या नद्यांचे पाणी चढले की राजापूरच्या जवाहर चौकात पूर येतो आणि बाजार बंद पडतो. तेव्हा गाडी न काढण्याची शिस्त गुरुजींनी पाळली होती, म्हणून इंजिनात पाणी जाण्याचे संकट या गाडीवर कधी आले नाही. पण ओल्या रस्त्यावर अरुंद टायर, मागे ड्रम ब्रेक आणि एबीएस नाही, ही जुळणी मला पसंत नाही. महामार्ग क्रमांक ६६ च्या चौपदरीकरणाची कामे दशकाहून जास्त काळ रेंगाळल्याने पावसात खोदकामाची तांबडी माती रस्त्यावर येते, आणि त्या चिखलावर जोरात ब्रेक दाबला की चाके जाम होऊन गाडी सरळ घसरत जाते, स्टीअरिंग कितीही फिरवले तरी.

कार्यशाळेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अधिकृत कार्यशाळेसाठी ही गाडी घाटावर न्यावी लागे, आणि जवळचा अणुस्कुरा घाट पावसाळ्यात दरड आली की अधूनमधून बंद असतो. त्यामुळे हळूहळू सगळे काम राजापूरच्या मिस्त्रींकडे आले. इंजिन मायक्राचे असल्याने फिल्टर, प्लग, बेल्ट मिळत राहिले. अडचण झाली ती बाहेरच्या भागांची. डाव्या बाजूचा हेडलाइट फणसाची फांदी पडून फुटला, तेव्हा तो मुंबईहून जुन्या गाडीचा काढलेला मिळवावा लागला आणि तोवर गुरुजींनी संध्याकाळनंतर गाडी काढली नाही. काकूंच्या अटीला ही गाडी पहिल्यांदा उतरली नाही ती तेव्हा.

रॅम्पवर काय दिसले

पाहणीची सुरुवात आम्ही ओल्या मॅटिंगपासून केली. दरवाज्याचे रबर गेले असेल असा गुरुजींचा समज होता. मिस्त्रींनी समोरच्या काचेखालचे काळे प्लास्टिक उचकटून काढले आणि आतली पन्हळ उघडी केली. काचेवरून ओघळणारे पाणी या पन्हळीत जमते आणि दोन टोकांच्या भोकांतून चाकांच्या मागे खाली पडते. येथे ती भोके दिसतच नव्हती. आंब्याच्या आणि फणसाच्या पानांचा कुजलेला, काळा, हाताला मऊ लागणारा थर पन्हळीत बोटभर जाड बसला होता. भोके बुजल्यावर पाणी चढत जाते आणि बाहेरची हवा आत घेणाऱ्या मार्गाने केबिनमध्ये उतरते. मिस्त्रींनी तो थर हाताने काढला, पाइपने पाणी सोडले आणि पाचच मिनिटांत पाणी जागच्या जागी खाली पडू लागले. खर्च शून्य. गाडी झाडाखाली उभी करणाऱ्या प्रत्येकाने जूनच्या आधी हे काम करावे.

गुरुजींचा चेहरा खुलला. पण मॅटिंग कोरडे ठेवून भागणार नव्हते. मॅटिंगखालचा स्पंज कित्येक महिने ओला राहिला होता, आणि त्याखालच्या पत्र्यावर पिवळसर तांबडे डाग उठले होते. तेथे पत्रा अजून टणक होता. खरी बाब निघाली ती गाडी वर उचलल्यावर. दरवाज्यांच्या खालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची एक बंद पेटी जाते. तिच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे ठेवलेली असतात. वाडीतली तांबडी माती पावसात चाकांनी उडते, त्या छिद्रांत बसते आणि वाळली की चिऱ्यासारखी घट्ट होते. मग आत शिरलेले पाणी आतच राहते; आणि खाडीकाठची हवा म्हणजे त्या पाण्यात मीठही आले. मिठामुळे पाण्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो, लोखंडावर तयार होणारा संरक्षक थर फुटत राहतो आणि गंज वरवर न पसरता खोल उतरतो. बाहेरून रंग शाबूत दिसत असतानाही आतून पत्रा संपत जातो तो असा.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर घेऊन उजव्या पेटीवर ठोकत नेला. पुढच्या बाजूला आवाज खणखणीत आला. मागच्या दरवाज्याच्या मध्यावर तो बदबद येऊ लागला, आणि मागच्या चाकाच्या वीतभर अलीकडे, जॅक लावण्याच्या जागेजवळ, टोक पत्र्यातून सरळ आत गेले. बाहेर काढले तेव्हा त्याच्याबरोबर गंजाच्या पापुद्र्यांचा आणि तांबड्या मातीचा ओला गोळा आला. डाव्या बाजूला इतकी वाईट स्थिती नव्हती. हे खाऱ्या हवेचे, मातीचे आणि धुवायचे राहून गेलेल्या तळाचे काम होते. पाच वर्षे समुद्राजवळ उभी राहणारी कोणत्याही कंपनीची पातळ पत्र्याची गाडी अशी होऊ शकते.

“पत्रा मारून देतो, गुरुजी. वरून काय कळणार नाय,” मिस्त्री म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणे आणि त्यावर रंग देणे हे कोकणात रोज होणारे काम आहे. या गाडीच्या बाबतीत मला ते पटले नाही, आणि या प्रकरणातला निर्णायक मुद्दा मी हाच मानतो. समोरून आघात झाला की त्याचा जोर पुढच्या सळ्यांतून मागे येतो आणि तो पेलण्याच्या कामात दरवाज्यांखालच्या या पेट्यांचा वाटा मोठा असतो. ज्या गाडीच्या सांगाड्यात मुळात भरपूर ताकद राखीव आहे, तिच्यात वीतभर ठिगळ सहन होते. ज्या गाडीचा सांगाडा नवा असतानाच आघातात टिकत नाही असे चाचणीत दिसले, तिच्यात राखीव असे काही नसतेच. तेथे ठिगळ लावणे म्हणजे फक्त दिसणे सुधारणे.

बाकीची तपासणी भराभर झाली. पुढच्या लोअर आर्मचे बुश गेले होते, मागचे ब्रेक शू झिजले होते, टायरांच्या नक्षीत माल होता पण बाजूच्या रबराला बारीक तडे गेले होते. इंधनाच्या रबरी नळ्या मिस्त्रींनी वाकवून पाहिल्या, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि २०१५ ची गाडी त्यासाठी घडवलेली नाही. नळ्या तूर्त ठीक होत्या. इंजिन सुरू केले तर आवाजाला नाव ठेवायला जागा नव्हती. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. इंजिनाबद्दल ते पहिल्यापासून बरोबर होते.

पैशाचा हिशेब

मिस्त्रींच्या कागदावर क्लच, बुश, ब्रेक शू, चार टायर आणि दोन्ही बाजूंचे पत्राकाम मिळून साठ हजारांच्या आसपास आकडा होता. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या माणसाने फोनवरच लाखाच्या आतली बोली दिली आणि पत्र्याबद्दल खरे सांगितल्यावर ती आणखी उतरवली. म्हणजे विकून जेमतेम जेवढे यायचे, त्याच्या बऱ्याच मोठ्या भागाइतकी रक्कम दुरुस्तीवर घालायची होती. एवढ्यावरून गाडी काढा असे मी म्हणत नाही. साठ हजारांत आणखी चार वर्षे निर्धोक मिळणार असतील तर तो व्यवहार चांगला ठरला असता, कारण साठ हजारांत दुसरी कोणतीच गाडी मिळत नाही आणि या गाडीची नोंदणी २०३० पर्यंत वैध होती.

गाडीच ठेवू नये, लागेल तेव्हा भाड्याची घ्यावी, हाही पर्याय मुलाने मांडला. दिवसाच्या कामांना तो बरा आहे. रात्री दोन वाजता वाडीत रिक्षा येण्याची खात्री कोणी देत नाही, त्यामुळे काकूंच्या अटीपुढे तो टिकला नाही.

नव्या गाडीचे गणित २२ सप्टेंबर २०२५ ला बदलले. बाराशे सीसीपर्यंतच्या, चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या पेट्रोल गाड्यांवरील २८ टक्के जीएसटी आणि त्यावरचा एक टक्का उपकर जाऊन सरसकट १८ टक्के झाला. अल्टो के-१० ची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ३.७० लाखांवर आली, क्विडची ४.३० लाखांच्या घरात. यातली पहिली संख्या पाहून मुलगा थबकला, कारण अकरा वर्षांपूर्वी वरच्या प्रकारातल्या गोची जाहीर किंमत नेमकी तेवढीच होती. तेव्हाच्या पैशाचे मोल जास्त होते आणि अल्टोच्या सर्वांत खालच्या प्रकारात सोयी फार थोड्या असतात, म्हणून ही बरोबरी ताणण्यात अर्थ नाही. तरीही त्या किमतीच्या गाडीत आज सहा एअरबॅग, एबीएस आणि गाडी घसरू लागल्यास सावरणारी ईएसपी यंत्रणा प्रत्येक प्रकारात असते. हा बदल बाजाराने आपणहून केला नाही, तर बराचसा नियमांच्या रेट्याने झाला. एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून सर्व गाड्यांना सक्तीची झाली, तर शेजारच्या बैठकीची २०२२ उजाडेपर्यंत.

अल्टोला किल्ला समजू नये हेही मी घरात सांगितले. दोन एअरबॅग असलेल्या अल्टो के-१० ला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपने दोन तारे दिले होते. शून्यावरून दोनवर येणे मोलाचे आहे, पण एअरबॅगची संख्या वाढल्याने पत्रा जाड होत नाही. शिवाय ९९८ सीसीच्या या इंजिनाचा टॉर्क ८९ न्यूटन मीटर आहे, म्हणजे गोपेक्षा कमी, आणि मागची सामानाची जागाही लहान. आंब्याच्या पेट्या एका फेरीत मावणार नाहीत, वाडीतली वाट चढताना इंजिन जास्त रेटावे लागेल. उलट बाजूला किरकोळ वाटणारी एक बचत आहे: हजार सीसीच्या आतल्या गाडीचा वार्षिक थर्ड पार्टी विमा २,०९४ रुपये, तर गोच्या गटातला ३,४१६ रुपये.

काय ठरले

माझी शिफारस २०२२ नंतरची, दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली, घाटावर वापरलेली जुनी गाडी घ्यावी अशी होती. तीनेक वर्षांच्या गाडीची सुरुवातीची घसरण दुसऱ्या कोणीतरी सोसलेली असते, आणि सातारा-कराडकडच्या गाडीचा तळ किनाऱ्यावरच्या गाडीपेक्षा चांगला निघण्याची शक्यता जास्त. कुटुंबाने ती मानली नाही. जीएसटी उतरल्यावर जुन्या गाड्या विकणारे आपले भाव लगेच उतरवायला तयार नव्हते, नव्या-जुन्यातले अंतर फार राहिले नव्हते, आणि गुरुजींना दुसऱ्याने वापरलेली वस्तू नको होती. मुलाने वापरलेली गाडी या हिशेबात ते धरत नाहीत. दिवाळीच्या आधी अल्टोच्या वरच्या प्रकारांपैकी एक ठरली. महाराष्ट्राचा ११ टक्के वाहन कर, सक्तीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा आणि बाकीचे मिळून ती जाहिरातीतल्या आकड्याच्या बरीच वर गेली. निवड करताना ताऱ्यांपेक्षा जास्त वजन पडले ते राजापूरच्या दुकानात सुटा भाग त्याच दिवशी मिळतो या गोष्टीला, आणि वाडीपासून विचार केला तर ते मला चुकीचे वाटत नाही. क्लच फुटल्यावर आठवडा उभी राहणारी चार ताऱ्यांची गाडी काकूंच्या कामाची नाही.

जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र मी हट्ट धरला. इंजिन आणि गिअरबॉक्स घ्यायला मिस्त्री तयार होते, व्यवहारही सरळ वाटत होता. पण गाडी अशी सुटी करून टाकली आणि नोंदणी मुलाच्या नावावर तशीच राहिली, तर उद्या तो क्रमांक कुठेही वापरला गेला तरी उत्तर मुलाला द्यावे लागेल. गाडी मोडीत काढायची ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच, तेथून जमा प्रमाणपत्र घ्यायचे आणि कल्याणच्या परिवहन कार्यालयात नोंदणी रद्द करून घ्यायची, हा रस्ता लांबचा असला तरी तोच धरावा, असे ठरले. मुलाने त्याचे कागद सुरू केले आहेत. मिस्त्री थोडे नाराज आहेत.

नव्या गाडीसाठी दोन कामे पावसाच्या आत करायची आहेत. दरवाज्यांखालच्या बंद पेट्यांत आतून मेण फवारून घ्यायचे, तेही तळाची छिद्रे न बुजवता, कारण घाईत अंडरकोटिंग करणारे ती हमखास लिंपून टाकतात. दुसरे काम वाटेचे. वरच्या टोकाला, जेथे वाट रस्त्याला मिळते, तेथे गाडी उभी राहील एवढ्या लांबीचा सपाट टप्पा काँक्रीटने काढायचा, म्हणजे रस्त्यावरची वाहने जाईपर्यंत गाडी चढावर अर्ध्या क्लचवर धरून ठेवावी लागणार नाही. चिरे, खडी आणि गवंडी मिळून त्याचा खर्च एका क्लच सेटपेक्षा कमी येतो. ग्रामपंचायतीच्या गटाराच्या कडेला तो टप्पा येत असल्याने आधी तेथे विचारायला हवे, आणि ते काम गुरुजींनी स्वतःकडे घेतले आहे.